मिटलेला डोळा

त्याला सगळे सेकंदराव म्हणायचे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, तेव्हा नाव शोभून दिसायचं. पण ते पडलं होतं वेगळ्याच कारणानं. गिऱ्हाईक आलं की हा मान वर न करता सांगायचा, "एका सेकंदात देतो." आणि मग ते घड्याळ हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाच्या चपला झिजायच्या. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्यानं लावलेलं घड्याळ पुन्हा उघडावं लागत नसे. हाताला उशीर होता, पण हातात खोट नव्हती. खोट दुसरीकडे होती, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांमधली सापट. अर्ध्या जागेत टेबल, टेबलावर काचेची पेटी, तिच्यामागे तो आणि त्याला खेटून स्टुलावर बायको. ती सेल बदलायची, पट्टे लावायची, उघडलेल्या मशीनचे सुटे भाग वाटीतल्या पेट्रोलमध्ये धुऊन, फुंकून पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडून द्यायची. गिऱ्हाइकांशी बोलायचीही तीच. सेकंदराव कामात असला की त्याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

काम करायची त्याची रीत पोरवयात उस्तादानं लावलेली. उजव्या डोळ्याच्या खोबणीत काळं भिंग बसवायचं, भुवई आणि गाल यांच्यात ते धरायचं, आणि डावा डोळा मिटायचा. डावा उघडा दिसला की उस्ताद टपली मारायचा. "एका वेळी एकच बघ. दोन्हीकडे बघणारा माणूस स्क्रू हरवतो." तेव्हापासून तो डोळा जो मिटला तो मिटलाच. सकाळी दुकान उघडलं की डोळा बंद, आणि दुकान बंद झालं की डोळा उघडा. पुढे पुढे तर भिंग काढून चहा पिताना, गिऱ्हाइकाकडे बघतानाही तो मिटलेलाच राहायचा. हा आपल्याला डोळा मारतोय असं वाटून एकदोघींनी बायकोकडे तक्रार केली होती. ती हसून म्हणाली, "त्या डोळ्याला सुट्टी असते हो. मनावर घेऊ नका."

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा सेकंदराव एका घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला म्हणून परगावी राहून आला होता. खोलीवर एकटा, बरोबर चार टवाळ सोबती. पगार झाला की ते जिकडे जायचे तिकडे हाही जाऊ लागला. परत आला तो रोग घेऊनच, पण ते कळलं पुष्कळ नंतर, बायकोचा ताप हटेना तेव्हा. आधी तिचं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. मग याला बोलावलं, यालाही निघाला.

आधी तिचा निघाला, एवढ्या एकाच गोष्टीवर घरच्यांनी निकाल लावून टाकला. आई, दादा, मोठी वहिनी, सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. आई म्हणाली, "हिच्याबरोबर आलं हे घरात." तोंड उघडायची वेळ ती होती. आपण कुठे काय दिवे लावून आलोय ते सेकंदरावाला चांगलं ठाऊक होतं. पण तो मूग गिळून दारातल्या चपलांकडे बघत बसला. बायकोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो वर बघत नाही म्हटल्यावर तीही चपलांकडे बघायला लागली. संपलं. सगळं खापर तिच्या माथ्यावर फुटलं आणि हा बिचारा ठरला. नवराबायको घर सोडून वेगळे राहायला लागले. पुढे आईही गेली.

या गोष्टीबद्दल नवराबायकोत कधी अवाक्षर निघालं नाही. ती कडाकडा भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडायची नाही, आणि त्यामुळे तो आणखी चिडखोर झाला. ज्याचा अपराध केला त्याच्यावरच माणूस जास्त खेकसतो, हे काही नवीन नाही.

गोळ्या मात्र दोघांच्या चालू झाल्या. सरकारी सेंटरमधून मिळायच्या, रोज घ्यायच्या, जन्मभर घ्यायच्या. बायकोनं त्या अगदी डोळ्यांत तेल घालून घेतल्या. तिनं बाळसं धरलं, पुन्हा ताप म्हणून आला नाही. सेकंदरावाला तिच्याबरोबर सेंटरच्या बाकावर बसायची लाज वाटायची, म्हणून त्यानं आपलं नाव शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेंटरमध्ये घातलं. तिथे एकदा आत पाऊल टाकतो तर बाकावर कोण? त्याचं जुनं गिऱ्हाईक, शाळेचे हेडमास्तर. हा दारातूनच मागे फिरला. आता हेडमास्तर तिथे काय भाजी निवडायला बसले होते? तेही त्याच गोळ्यांना आले होते, आणि याला बघून तेच आधी गळपटले असते. एवढं गणित कुणालाही सुटलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. सेकंदराव पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही.

गोळ्या संपल्या तेव्हा त्याच डबीत त्यानं औषधाच्या दुकानातल्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. रोज जेवण झालं की बायकोसमोर डबी उघडायची, एक तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं. एकदा तिनं विचारलं, "यांचा रंग बदलला का हो?"

"कंपनी बदलली."

एवढं बोलून तो निवांत झोपला. हळूहळू वजन उतरलं, तोंड आतून पांढरं पडायला लागलं, जेवण जाईना. विचारलं की म्हणायचा, काम वाढलंय.

अशात त्याच्या उजव्या पापणीला रांजणवाडी आली. भिंग टेकवलं की कळ जायची. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं भिंग डाव्या डोळ्याला लावलं. काही दिसेना. काचेला काही चिकटलं असेल म्हणून पुसलं, पुन्हा लावलं. मग भिंग काढलं, उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि नुसत्या डाव्यानं समोर पाहिलं. समोर दुकान नव्हतं. एका कडेला थोडा उजेड होता, बाकी सगळं राखेच्या रंगाचं.

डोळा कधी गेला हे त्याला सांगता येईना. दुखला नव्हता, लाल झाला नव्हता. दिवसभर तो मिटलेला असायचा, आणि संध्याकाळी उघडला तरी उजवा दोघांचं बघून घ्यायचा. ड्रायव्हर असता तर चार दिवसांत गाडी ठोकून कळलं असतं. घड्याळवाल्याला कळायला रांजणवाडी यावी लागली.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा होता. पण डोळ्याचा डॉक्टर विचारणार, दुसरा काही आजार? मग गोळ्यांचं निघणार, डबीचं निघणार. त्यानं मनातल्या मनात स्वतःशी तडजोड केली. गेला तो बिनकामाचाच डोळा. केल्या कर्माची शिक्षा झाली म्हणायचं, आणि विषय संपवायचा. त्याला ती शिक्षा जरा हलकीच वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हा झाकला डोळा घेऊन बसला.

तो डावीकडून दारावर आदळतो, कप डावीकडे असला की सांडतो, हे बायकोच्या ध्यानात आलं आणि तिनं त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलीनं उजव्या डोळ्यावर हात ठेवून पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. यानं हात ठेवला, आणि बोटांच्या फटीतून उजव्यानंच सगळी घडाघडा वाचली. मुलगी म्हणाली, "काका, तुमचे दोन्ही डोळे अगदी सारखे आहेत." सेकंदराव बायकोकडे बघून असा हसला, जसा काही परीक्षेत पहिला आला.

पुढे बँकेतल्या एक बाई त्यांच्या वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आल्या. वडील वारले होते, घड्याळ बंद पडलं होतं, आणि निदान एवढं तरी चालू राहावं अशी त्यांची इच्छा होती. सेकंदरावानं मशीन उघडलं, साफ केलं, जोडलं. बंद करणार तर चाकावर आडवा काळा केस. पुन्हा उघडलं, बायकोनं पुन्हा धुतलं. पुन्हा केस. दुसऱ्या दिवशी केसाशेजारी ठिपके, मुंग्यांसारखे. तिसऱ्यांदा बँकेतल्या बाई समोर उभ्या असतानाच त्याचा तोल गेला.

"केस बांधून बसत जा म्हणून हजारदा सांगितलं! हात आहेत का फावडी? एवढंसं मशीन धुता येत नाही, कशाला बसतेस इथे? घरात बस!"

बँकेतल्या बाई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. बायकोनं त्याच्या हातातलं भिंग घेतलं, स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि मशीन उजेडात धरून बारकाईनं बघितलं.

"इथे केस नाही."

"आहे. तुला काय कळतंय?"

तिनं मशीन बाजूला सरकवलं आणि त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. "आता कुठे आहे केस?"

सेकंदराव कागदाकडे बघत राहिला. "कागदावर," तो म्हणाला.

मग तिनं आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर घट्ट दाबला. बोटांना फट ठेवली नाही. "ही बोटं किती?"

"दोन," त्यानं अंदाजपंचे ठोकून दिलं.

"मी हात वर केलेलाच नाही," ती म्हणाली.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, मी नंतर येते, आणि घाईघाईनं गेल्या. पाठ फिरवता फिरवता त्यांनी ज्या नजरेनं त्याच्याकडे बघितलं, ती नजर त्याला उरलेल्या डोळ्यानं नीट दिसली. भर दुकानात नागडं झाल्यासारखं त्याला वाटलं.

घरी आल्यावर बायकोनं त्याची डबी उघडली. शेजारी स्वतःची गोळी ठेवली. दोन्हींकडे बघून म्हणाली, "कंपनी बदलली." बास. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, दिसणं धुरकट झालं. डॉक्टरीण वयानं लहान होती, पण घाई करणारी नव्हती. कपाळावर दिवा बांधून तिनं वर बघा, खाली बघा, कडेला बघा करत दोन्ही डोळे तपासले आणि मग खुर्ची त्याच्या पुढ्यात ओढली.

"डाव्या डोळ्याचा पडदा संपलाय, काका. तो परत येणार नाही. उजव्यातही कडेनं जखमा सुरू झाल्यात, मध्यापर्यंत अजून पोचल्या नाहीत. हे जंतूंचं काम आहे. ते धडधाकट माणसाचं काही करत नाहीत. अंगातली ताकद तळाला गेली की डोक्यावर बसतात. तुम्हाला दुसरा काही आजार आहे?"

खोलीतल्या बाकावर पुढचा पेशंट आणून बसवला होता, त्याच्याबरोबर त्याच्या घरचे दोघं होते.

"नाही," सेकंदराव म्हणाला.

"साखर वगैरे?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. इलाज त्याच्यावर ठरणार आहे. भलताच इलाज झाला तर थोड्याच दिवसांत हाही डोळा जाईल."

एका पारड्यात डोळा होता. पोट भरणारा, जग दाखवणारा, एकुलता एक उरलेला डोळा. दुसऱ्या पारड्यात तीन अनोळखी माणसांसमोर उच्चारायचा एक शब्द. सेकंदराव म्हणाला, "काही नाही हो मला."

तेव्हा बायको बोलली, स्वच्छ आवाजात. "डॉक्टर, मला एचआयव्ही आहे. माझ्यामुळे यांनाही झालाय. यांच्या गोळ्या बंद आहेत, बरेच दिवस."

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. बाकावरचे तिघंही वळले. त्यातल्या म्हातारीनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. सेकंदराव दोघींच्या मधोमध बसला होता आणि धुरकट डोळ्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. सांगायलाही नको वाटतं, पण त्याला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. आणि असं वाटलं हे ध्यानात आल्यावर मात्र त्याला स्वतःची शिसारी आली. तरी तो बोलला नाही.

इलाज सुरू झाला. आधी भुलीचे थेंब, मग थेट डोळ्यात सुई, दर आठवड्याला. शिवाय पोटात घ्यायच्या गोळ्या. थोड्या दिवसांनी मूळ रोगाच्या गोळ्याही पुन्हा चालू झाल्या, आता बायकोच्याच सेंटरमध्ये, तिच्याच बाकावर, तिला खेटून. डॉक्टरीण रागावली होती. "ताकद उतरलेल्या प्रत्येकानं डोळे दुखोत न दुखोत, काही दिसो न दिसो, थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचा असतो. तुम्हाला सेंटरमध्ये कुणी सांगितलं नाही?" सांगितलं असतं, पण त्यासाठी सेंटरमध्ये जावं लागतं.

उजव्या डोळ्यातल्या जखमा वाढायच्या थांबल्या. केस आणि मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण त्यांच्यामागचं जग शाबूत राहिलं. शेवटच्या सुईच्या दिवशी डोळ्यावर पट्टी चिकटवता चिकटवता तिथल्या जुन्या सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "काका, खरं सांगू? तुम्ही देवमाणूस आहात. बायकोपायी डोळा गेला, तरी तिला टाकलं नाहीत. दुसरा असता तर घराबाहेर काढली असती."

सेकंदरावाच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तो वाट बघत राहिला. बायको काहीतरी म्हणेल, निदान खाकरेल. पण शेजारी नुसता पिशवीच्या बंदाचा आवाज आला. ती औषधं भरत होती. तिला हे ऐकायची इतकी सवय झाली होती की तिचे हातसुद्धा थांबले नाहीत.

"सिस्टर," तो म्हणाला, "उलटं आहे सगळं. मी बाहेर जायचो. माझ्याकडून तिला झालं. मी कधी बोललो नाही, आणि तिनं कधी बोलून दाखवलं नाही. देवमाणूस म्हणू नका मला."

"बरं बरं, पट्टी उद्या काढा," म्हणून सिस्टर दुसरीकडे गेल्या.

बायको त्याचा हात धरून जिना उतरत होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा गेलेला, त्यामुळे त्याला पायरीसुद्धा तिनं सांगावी तेव्हा कळत होती. आता ती काहीतरी चांगलं बोलेल असं त्याला वाटत होतं. खाली रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "परक्यांसमोर सोपं असतं."

तो उभा राहिला. "दादाकडे चल."

"आज? असे?"

"आत्ताच. उद्या पट्टी निघाली की माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दादाच्या घरी त्याला खुर्चीवर बसवलं. दादानं काळजीनं डोळ्याची चौकशी केली. सेकंदरावानं मधेच तोडून विचारलं, "वहिनी आहे का इथे?"

"आहे की भाऊजी, तुमच्या समोरच," मोठी वहिनी म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. परगावचं, सोबत्यांचं, पगाराच्या दिवसांचं. आई म्हणाली होती ते खोटं होतं आणि आपण चपलांकडे बघत बसलो, हेही. एकदा सुरू झाल्यावर त्यानं काही राखलं नाही. बोलून झाल्यावर तो थांबला. आता दादा ओरडेल, वहिनी कपाळाला हात लावेल, हिची माफी मागेल. त्यानं सगळ्याची तयारी ठेवली होती.

दादा नुसता खाकरला.

"आम्हाला माहीत आहे, भाऊजी," वहिनी म्हणाली. "पहिल्यापासून. तुमच्या खोलीवरचा एक जण तेव्हाच येऊन यांना सांगून गेला होता."

"मग... मग इतकी वर्षं तुम्ही हिला..."

"नवराच गप्प बसला तर आम्ही कशाला बोलायचं? चार लोकांत मुलाचं नाव खराब होण्यापेक्षा सुनेचं झालेलं बरं, असं वाटलं तेव्हा. चुकलं म्हणा हवं तर. आईंनाही माहीत होतं. शेवटी शेवटी रोज विचारायच्या, तो काही बोलला का गं? मी नाही म्हणायचे. मग भिंतीकडे तोंड करून पडायच्या."

सेकंदरावानं शेजारी हात पुढे केला. बायको तिथे नव्हती. ती कधी उठली ते त्याला कळलं नव्हतं.

"ताई," दाराजवळून तिचा आवाज आला, "मी आईंना बघायला आले होते तेव्हा मला उंबऱ्यातूनच परत पाठवलंत. तेव्हाही आईंना माहीत होतं?"

"हो," वहिनी म्हणाली.

मग तिकडून एक आवाज यायला लागला. आधी सेकंदरावाला तो कसला ते ओळखूच आला नाही, कारण लग्न झाल्यापासून तिला असं मोठ्यानं रडताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो उठला आणि त्या आवाजाच्या रोखानं चाचपडत निघाला. मधे एक खुर्ची लागली, ती त्यानं बाजूला केली. कुणी त्याला हात दिला नाही, आणि त्यानंही मागितला नाही.